दिव्यांग मुलाचे अठरावे वर्ष आणि शेतकरी कुटुंबाची तजवीज

सातबाराच्या उताऱ्यावर ज्या खातेदाराचे वय अठरा वर्षांच्या आत असते, त्याच्या नावाशी 'अ. पा. क.' अशी अक्षरे व पालकाचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे. 'अज्ञान पालनकर्ता' हा त्या अक्षरांचा अर्थ. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे वयाचा दाखला जोडून अर्ज करावयाचा, फेरफार व्हावयाचा, आणि तो शेरा जाऊन मुलगा अथवा मुलगी आपल्या स्वतःच्या नावाने खातेदार व्हावयाची, असा सरळ क्रम आहे. महसूल खात्यात उभी नोकरी कारकुनीत गेल्यामुळे असे शेकडो फेरफार आमच्या नजरेखालून गेले आहेत, व त्यांत एक गोष्ट आम्हांस वारंवार आढळून आली. मूल धडधाकट असेल तर वेळेवर नाही तरी दोन-चार वर्षांत, सोसायटीचे कर्ज काढण्याच्या निमित्ताने का होईना, अर्ज येतोच. परंतु मूल अंध, मूकबधिर, पायांनी अधू अथवा बुद्धीने मंद असले म्हणजे दोहोंपैकी एक प्रकार घडतो. एक तर तो शेरा तीस-तीस वर्षे तसाच राहतो व चाळिशीचा मनुष्य कागदावर अज्ञानच राहतो. किंवा त्याच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाऊन त्याचे नावच उताऱ्यावरून नाहीसे होते.

हे दोन्ही प्रकार नेहमीच दुष्ट हेतूने होतात असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी केवळ तजवीज नसते. थोरल्याचे शिक्षण, धाकटीचे लग्न, विहिरीचे बांधकाम या सर्वांचा विचार घरात पाच-पाच वर्षे आधी चालतो. परंतु घरातील दिव्यांग मूल मोठे झाल्यावर काय करील, कोठे राहील, त्याचा हिस्सा कोण सांभाळील, हा विषय निघाला की आई डोळ्यांस पदर लावते व बाप 'आम्ही आहोत तोवर आहोतच' असे म्हणून उठून जातो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा विचार मूल चौदा-पंधरा वर्षांचे असतानाच करावा, तो कागदावर लिहावा, आणि त्यात त्याच्या पोटाइतकाच त्याच्या नावाचा व त्याच्या कामाचाही विचार असावा.

हक्कसोड ही तजवीज नव्हे. आमच्या माहितीतील एका कुटुंबाची हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. तीन भाऊ, मधला जन्मतः मूकबधिर, पण नांगरापासून मळणीपर्यंत कोणत्याही कामात इतर दोघांस हार न जाणारा. वडील वारल्यावर थोरल्याने त्यास नोंदणी कचेरीत नेले व अंगठा घेतला. 'आम्ही त्याला जन्मभर सांभाळूच, उगीच उताऱ्यावर नावे कशाला वाढवा' हा त्याचा प्रामाणिक हिशेब होता, व हयात असेपर्यंत त्याने भावास खरोखरच सांभाळले. परंतु तो वारला, पुतण्यांनी वाटप मागितले, आणि चाळीस वर्षे त्याच रानात राबलेल्या मनुष्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही असे निष्पन्न झाले. त्यास कोणी घराबाहेर काढले नाही हे खरे. पण ज्या भाकरीवर त्याचा हक्क होता ती त्यास उपकाराची म्हणून खावी लागली. वचन देणारा मनुष्य मरतो. नोंद मागे राहते. असेही पुष्कळदा होते की, हक्कसोडाचीही गरज भासत नाही. वारसनोंदीच्या वेळी जबाब देताना 'वेड्या' मुलाचे अथवा 'आंधळ्या' मुलीचे नाव सांगितलेच जात नाही. वारसांनी आपला हक्क तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, कळवावा असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४९ सांगते. त्या वेळी सर्व वारसांची नावे सांगणे हे कुटुंबातील कर्त्या माणसाचे कर्तव्य आहे.

कायदा काय म्हणतो. अशा मुलास वारसा नसतोच, अशी समजूत खेड्यांतून अजूनही ऐकू येते. तिला पूर्वी आधार होता. जुन्या हिंदु कायद्यात जन्मांध, जन्मतः बहिरा, मुका, पंगू अथवा वेडा यांस वारशातून वगळीत व केवळ अन्नवस्त्राचा हक्क देत. १९२८ च्या कायद्याने ही बंधने बहुतांशी दूर झाली. जन्मतः वेडा अथवा जडबुद्धी एवढाच अपवाद राहिला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या कलम २८ ने तोही गेला. कोणताही रोग, दोष अथवा व्यंग यांमुळे कोणाचाही वारसा बुडत नाही, असे त्या कलमात स्पष्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. तेव्हा अंध मुलीचा हिस्सा तिच्या डोळस भावाच्या हिश्शाहून तिळभरही कमी नाही.

याच्याही पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा गेला आहे. दिनांक १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात असून त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. त्याच्या कलम १३ अन्वये दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, वारशाने घेण्याचा व आपला पैशाचा व्यवहार आपण पाहण्याचा हक्क आहे. त्याच कलमात शेतकरी कुटुंबाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा एक नियम आहे. ज्या व्यवहारात मदतनिसाचा स्वतःचा स्वार्थ दिव्यांग व्यक्तीच्या हिताशी टक्कर घेतो, त्या व्यवहारात त्याने मदत करू नये. म्हणजे ज्या भावाच्या लाभाचे हक्कसोड आहे, त्यानेच मूकबधिर भावास खुणांनी दस्त समजावून द्यावा, हे या नियमात बसत नाही.

चौदाव्या वर्षापासून कामाची पारख. अमेरिकेत १९९० च्या शिक्षणविषयक कायद्याने, विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्याच्या पुढील आयुष्याची लेखी योजना शाळेने करावी असे ठरविले, आणि ती करताना त्या मुलाची आवड विचारात घ्यावी असाही दंडक घातला. आपल्या खेड्यांतून शाळेचा असा कागद सहसा पाहावयास मिळत नाही. दिव्यांग मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण शाळा सुटल्यावर बहुतेक मुले ओसरीवर येऊन बसतात, व दोन वर्षे ओसरीवर बसलेल्या मुलाची शिकलेली विद्याही गंजून जाते. यास्तव शाळेच्या अखेरच्या वर्षांतच घरच्या कामापैकी कोणते काम यास जमते व आवडते हे पाहण्यास लागावे. तो विचारही त्यास सोडून करू नये. ज्यास बोलता येत नाही त्याच्या हातापायांच्या उत्साहावरून आवड कळते.

शेतीच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. तिच्यात कामांचे लहान लहान तुकडे पाडता येतात. अंध तरुण हाताच्या स्पर्शाने धार काढू शकतो, वैरण घालू शकतो, कोंबड्या पाळू शकतो. घरापासून गोठ्यापर्यंत कमरेइतक्या उंचीवर एक दोर बांधून दिला की त्यास कोणाचा हात धरावा लागत नाही. गुजरातेत फणसा येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने ग्रामीण अंधांस शेतीकाम, गुरे व कोंबड्या पाळण्याचे शिक्षण देण्याचे केंद्र काढले, त्यावरून ही केवळ कल्पना नव्हे हे वाचकांच्या ध्यानात येईल. पायांनी अधू असलेल्यास रोपवाटिकेतील पिशव्या भरणे, भाजीपाल्याची प्रतवारी, वजन-काटा, दूध संस्थेचा हिशेब ही बसून करण्याची कामे आहेत. बुद्धीने मंद असलेल्या मुलास एकच काम, एकाच वेळी, एकाच जागी, एकाच क्रमाने महिनोन्महिने शिकवावे. ते एकदा अंगवळणी पडले की तो त्यात इतरांपेक्षा नेटका होतो. वरोऱ्याजवळ आनंदवनात कुष्ठरोगाने हातांची बोटे झडलेल्या माणसांनी माळरान पिकविले, हे तर महाराष्ट्रास ठाऊकच आहे. त्यांच्यापुढे आपल्या घरच्या मुलाचे 'त्याच्याने काय होणार' हे वाक्य टिकत नाही.

तथापि सावधगिरीही तितकीच हवी. ज्यास फेफरे येते त्यास विहिरीच्या काठावर, कडबाकुट्टीवर, मळणीयंत्रावर अथवा झाडावर कधीही पाठवू नये. ज्यास ऐकू येत नाही त्याच्या पाठीमागून ट्रॅक्टर मागे घेऊ नये. ज्यास डब्यावरील लेख वाचता येत नाही अथवा समजत नाही, त्याच्या हाती फवारणीचे औषध देऊ नये.

आणखी एक गोष्ट. काम त्याचे तर त्याचा पैसाही त्याचा दिसला पाहिजे. दोन शेळ्या अथवा एक म्हैस त्याच्या नावाची असावी, व तिच्या दुधाचे पैसे त्याच्या खात्यात पडावेत. अंध व्यक्तीस करार करण्याचा पूर्ण अधिकार असून बँकांनी तीस धनादेश-पुस्तकासह सर्व सोयी द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ साली सर्व बँकांस कळविले आहे. शाखेत कोणी 'आंधळ्याचे खाते एकट्याच्या नावावर होत नाही' असे सांगितल्यास हे परिपत्रक नम्रपणे दाखवावे.

सोळा ते अठरा : कागदांची दोन वर्षे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व त्याबरोबर मिळणारे देशभर चालणारे ओळखपत्र आधी काढून घ्यावे. पुष्कळशा सवलतींस किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के व उच्च शिक्षणाच्या जागांत ५ टक्के राखीव जागा अशा व्यक्तींकरिता आहेत, आणि शेतजमीन व घरकुल वाटपाच्या योजनांतही ५ टक्के राखून ठेवून त्यांत दिव्यांग स्त्रियांस अग्रक्रम द्यावा असे कायद्यात आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत होतो. तिची रक्कम व उत्पन्नाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू असलेला नियम विचारून घ्यावा.

अठरावा वाढदिवस उलटताच मतदार यादीत नाव घालावे, आणि मूल खातेदार असल्यास अ. पा. क. शेरा कमी करण्याचा अर्ज द्यावा. तो ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. या तारखेला दुसरेही महत्त्व आहे. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत बापाने अथवा आईने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर ती विक्री रद्द करून मागण्याची मुदत साधारणतः मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची आहे. ज्या मुलास आपण सज्ञान झालो हेच कोणी सांगितले नाही, त्याची मुदत झोपेत निघून जाते.

पालक कोणास हवा, कोणास नको. येथे फार मोठा घोटाळा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. अंध, मूकबधिर अथवा हातापायांनी अधू असलेल्या सज्ञान व्यक्तीस पालक लागत नाही. तिला लागतो तो वाचून दाखविणारा, खुणांची भाषा जाणणारा अथवा कचेरीच्या पायऱ्या चढविणारा मदतनीस. सही तिची, निर्णय तिचा. घरातील माणसांनी आपल्या पाच-पंचवीस घरगुती खुणांवर न राहता मूकबधिर मुलाबरोबर स्वतः खुणांची भाषा शिकून घेतली, तर नोंदणी कचेरीत त्याची फसवणूक होण्याचे भय निम्मे उरेल.

याच्या उलट बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविध दिव्यांगत्व या चार प्रकारांकरिता १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ही मुले अठरा वर्षांची झाली की आईबापांचा नैसर्गिक पालकत्वाचा अधिकार आपोआप पुढे चालत नाही, ही गोष्ट पुष्कळांस बँकेत अडल्यावरच कळते. पालकत्वाची गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी ज्यात असतो त्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. समितीने नेमलेल्या पालकास सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर मिळकतीची यादी द्यावी लागते व दरवर्षी हिशेब दाखवावा लागतो. त्याने पाल्याचे हाल केले अथवा मिळकत गिळली तर त्यास काढून टाकता येते. घरातल्या घरात सांभाळणाऱ्या काकापेक्षा हिशेब देणारा पालक बरा, असे आम्हांस अनुभवाने वाटते. आणि काका प्रामाणिक असेल तर त्यास हिशेब देण्यात कमीपणा तो कसला? इतर प्रकारांत एखाद्या व्यक्तीस निर्णय घेणे अशक्यच झाले, तर २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. ते ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक मुदतीपुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून चालावयाचे असते.

आपल्या मागे काय. आईबापांस रात्री झोप लागू न देणारा प्रश्न हाच होय. त्याचे उत्तर मृत्युपत्रात आहे. ते दोन साक्षीदारांनी सही करावे लागते, व नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवणे शहाणपणाचे. ध्यानात ठेवावे की बापास आपली स्वकष्टार्जित मिळकत व वडिलार्जितातील आपला हिस्सा एवढ्याचेच मृत्युपत्र करता येते. मुलास व्यवहार झेपणारा नसेल तर १८८२ च्या न्यास कायद्याखाली खाजगी न्यास करून, दोन-तीन भरवशाचे विश्वस्त नेमून, जमिनीचे उत्पन्न त्याच्या खाण्यापिण्याकडे व औषधपाण्याकडेच लागेल असे लिहिता येते. जमिनीचा न्यास मात्र नोंदणीकृत दस्ताने अथवा मृत्युपत्राने व्हावा लागतो. विश्वस्त सगळे एकाच घरचे नसावेत. त्याचा हिस्सा वेगळा तोडून सरबांध घालण्याचीही गरज नाही. समाईक खात्यात त्याचे नाव व हिस्सा लागलेला असला म्हणजे पुष्कळ काम होते. जमीन दुसऱ्यास कसावयास देण्याचा प्रसंग आल्यास कूळकायदा जाणणाऱ्या वकिलास विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

लग्नाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. 'लग्न करून दिले म्हणजे सुधारेल' या आशेने मुलाचे दिव्यांगत्व लपवून परक्याची मुलगी घरात आणणे हा त्या मुलीवर अन्याय आहे, व आपली जबाबदारी तिच्या गळ्यात बांधणे आहे. परंतु अंध, बधिर अथवा अधू तरुण-तरुणींनी उघडपणे, परस्परांस जाणून, संमतीने संसार थाटण्यास कोणीही आडवे येऊ नये. दिव्यांग मुलीस साडीचोळी देऊन तिची हक्कसोड घेण्याचा जो प्रकार चालतो तो तर सर्वांत निंद्य. कारण तिच्या हाती दुसरे काहीच नसते.

काय करावे. प्रत्येक अशा घरात एक वही घालावी व तीत पुढील गोष्टी लिहाव्यात : मुलास काय येते व काय आवडते, दिवसातून कोणत्या कामास कोणाची मदत लागते, औषधे कोणती व कोणाची, कागद कोठे ठेवले आहेत, नावावर काय आहे व काय व्हावयाचे आहे, आईबाप नसतील तेव्हा ते कोठे व कोणाजवळ राहू इच्छिते. ही वही दरवर्षी पिकाचा हिशेब होताना पुन्हा वाचावी, आणि वाचताना ज्याच्यासंबंधी ती आहे त्यास जवळ बसवावे. भावंडांनाही आधीपासून सामील करावे. बापाच्या तेराव्या दिवशी अचानक अंगावर पडलेली जबाबदारी ओझे होते, आणि पंधरा वर्षे समजून घेतलेली जबाबदारी सवयीची होते.

सोसायट्यांच्या व दूध संस्थांच्या चालकांसही आमची विनंती आहे. गावात अठरा वर्षे पूर्ण झालेले असे किती तरुण-तरुणी आहेत याची यादी करावी, ज्यांस करार करण्याचा अधिकार आहे त्यांस रीतसर सभासद करून घ्यावे, आणि वार्षिक सभेत त्यांस बसण्यास जागा व मतास किंमत द्यावी. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे मूल चौदा वर्षांचे झाले असेल, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी आपला सातबारा काढून त्याचे नाव कोठे आहे एवढे तरी पाहावे. नसेल तर का नाही, याचा विचार त्याच दिवशी सुरू व्हावा.